नऊ इंच आखूड

ब्रॅडिश, ओहायो
११ जून २०२४

प्रिय गस,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ई-मेल उघडायला तू माझ्या बहिणीला, आर्लीनला हाक मारतोस, म्हणून कागद घेतला. शिवाय कागदावर लिहिलेलं माणसाला नंतर नाकारता येत नाही. हे वाक्य विद्यापीठातल्या लोकांनी एकदा पाठ करायला हवं.

विद्यापीठ आपल्या फुटबॉल संघाचा एकशे तीस वर्षांचा इतिहास छापतं आहे. चकचकीत कागद, टेबलावर ठेवायचं पुस्तक, आतलं कोणी वाचू नये अशा वजनाचं. लिहायला इतिहासाचे एक प्राध्यापक बसवले होते. त्यांचा कच्चा मजकूर माझ्या हाती आला. १९१२ च्या सामन्यात एकाच माणसाने दोन्ही संघांकडून गुण मिळवलेत. १९१८ मध्ये साथीमुळे विद्यापीठाला सात आठवडे टाळं होतं, तेव्हाही यांचा संघ जिंकतोय. चार प्रयत्नांत चेंडू हातात धरून दहा यार्ड पुढे गेलं तर तो आपल्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याला द्यायचा, एवढं बालवाडीतल्या पोराला कळतं. प्राध्यापकांनी त्यात दीड पान घालवलंय आणि तरी चुकवलंय. मी चौसष्ट चुका क्रमांक घालून परत पाठवल्या.

मग क्रीडा कार्यालयातली ती मिस प्रूइट माझ्या कामावर आली. मी बाप्टिस्टांच्या चर्चच्या तळघरातल्या, इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीत कमरेपर्यंत शिरलेलो. ती माझ्या बुटांशी बोलली. म्हणाली, १९७४ चं प्रकरण तुम्हीच लिहा. कॉलेजाचं तोंड न पाहिलेल्या, लोकांच्या घरची भट्टी दुरुस्त करणाऱ्या माणसाला. पण माझ्याकडे ब्रॅडिशच्या प्रत्येक सामन्याचं एक कार्ड आहे, एक हजार एकाहत्तर कार्डं: ४३१ विजय, ६०२ पराभव, ३८ बरोबरी. आणि सत्तावीस वर्षं मी मैदानाच्या कडेला दहा यार्ड मोजायच्या साखळीची पुढची काठी धरून उभा आहे. प्राध्यापक तिथे कधी दिसले नाहीत.

आता कामाचं. ९ नोव्हेंबर १९७४ चं वर्णन प्राध्यापकांनी असं केलंय: 'टॉलिव्हर कॉलेज दहा-सहाने पुढे. ब्रॅडिशचा चौथा, अखेरचा प्रयत्न. अजून दोन यार्ड जायचे. डॉइल मॅकनर्नी डावीकडून सिंहासारखा घुसला. टॉलिव्हरच्या ऑगस्ट टर्नक्विस्टने त्याच्या कमरेला मिठी घातली, आणि नियतीने त्याचे हात उघडले. साखळी आणली गेली. चेंडूचं नाक काठीच्या तीन इंच पुढे. पुढच्या दोन खेळ्यांत ब्रॅडिश तेरा-दहाने विजयी.' सिंह आणि नियती मी काढली. आमच्या संघाचं नाव खेचरं आहे, सिंह कुठून आला?

बाकी सगळं, तुझ्या पूर्ण नावासकट, खरं आहे, आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तर यंदा ९ नोव्हेंबर पुन्हा शनिवारी येतो. मध्यंतरात डॉइल तीच धाव पुन्हा धावणार आहे. वय बाहत्तर, ट्रॅक्टरची तीन दुकानं, विश्वस्त मंडळात खुर्ची. विद्यापीठाला तू हवा आहेस. तू त्याला धरायचं आणि सोडायचं. मी म्हटलं, विचारतो. विचारलं.

लेलँड


पाइन लेक, मिशिगन
१९ जून

लेलँड,

नाही.

पान रिकामं दिसेल म्हणून आणखी लिहितो. पन्नास वर्षांत मला हा प्रसंग किती जणांनी करून दाखवला याचं कार्ड तुझ्याकडे नसेल. लाकूड गिरणीत तेवीस वर्षं मुकादम होतो, तिथे नवीन माणूस आला की दोन दिवसांत मागून येऊन मला मिठी मारायचा आणि सोडून द्यायचा. तुमच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना तुझे चुलतभाऊ बटाट्यांचं भांडं माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, धर हं गस, सोडू नकोस. प्रत्येक वर्षी. तेच बटाटे, तेच वाक्य.

आणि तुझा बाप. एमिल हुबरने मला एकदाही चिडवलं नाही. बटाटे आले की आपली थाळी उचलून स्वयंपाकघरात जायचा आणि उभ्याने जेवायचा. मुलगी दिली, पण हसण्याइतकीही जावयाची किंमत नव्हती त्याला. त्यापेक्षा बटाटेवाले परवडले.

चिखल होता. हे मी पन्नास वर्षं सांगतोय. डॉइलच्या सदऱ्याला ओला साबण लावल्यासारखं झालं होतं. तुझ्या पुस्तकात चिखल लिही, आणि मला सोडा. तुमचं विद्यापीठ पहिला सामना पाद्र्यांच्या शाळेकडून हरलं, तिथून सुरुवात करा म्हणावं.

गस

आर्लीन म्हणते, तुझा मळ्यात हाका मारल्यासारखा आवाज कागदावरसुद्धा ऐकू येतो.


ब्रॅडिश
८ जुलै

प्रिय गस,

पाद्र्यांकडून नाही, पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांकडून. १८९४, बारा-शून्य. त्यांच्याकडे अकरा माणसं पुरत नव्हती म्हणून आचारी खेळला, आणि दोन्हीदा गुण आचाऱ्याने केले. हे मी पुस्तकात घातलं तर मिस प्रूइट म्हणते, 'ह्यात उबदारपणा नाही.' उबदारपणा मी रोज तळघरात विकतो, पुस्तकात का घालू?

चिखल घातला आहे. त्या दिवशीच्या पावसाची नोंद जलखात्याकडून आणली, पाऊण इंच. पांढऱ्या रेषा तिसऱ्या सत्रापर्यंत पुसल्या गेल्या होत्या. तुझ्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं सगळं येईल, त्याहून जास्त काही येणार नाही.

पण तू यावंस असं मला वाटतं. न आलेल्या माणसाला जास्त हसतात. येऊन, टोपी काढून उभा राहिलास तर बारा हजार प्रेक्षकांतले निम्मे गप्प होतील. उरलेले विद्यार्थी, त्यांना कळत नाही कशाला हसतोय.

एक बरी बातमी. १९७४ ची ती जुनी साखळी सन्मान-दालनातल्या काचेच्या पेटीतून बाहेर काढणार आहेत. १९७६ नंतर तिला कोणाचा हात लागलेला नाही. साफ करून, तेल देऊन मध्यंतरात मीच ती मैदानात न्यायची. खरं सांगतो, याचा मला अभिमान वाटला. पंच काय करतो? वीस यार्डांवरून धापा टाकत येतो आणि गर्दीखालून चेंडू काढून अंदाजाने ठेवतो. मग तो अंदाज आम्ही इंचाने मोजतो. त्या मैदानावर प्रशिक्षक खोटं बोलतो, वाद्यवृंद बेसूर वाजतो, गुणफलकाचे दिवे गेलेले असतात. खरी गोष्ट एकच, साखळी.

लेलँड


पाइन लेक
१५ जुलै

लेलँड,

तुझं अभिमानाचं वाक्य आर्लीनला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझा भाऊ लोखंडाच्या प्रेमात पडलाय.

ती म्हणते जा. म्हणते, त्या दिवशी हसलेले निम्मे मेलेत, उरलेल्यांना दुरून दिसत नाही. मी हो म्हटलेलं नाही. पण माझा टॉलिव्हरचा सदरा माळ्यावर आहे का हे तिने परवा पाहिलं आणि मी तिला अडवलं नाही. ह्याचा अर्थ तू लावशीलच.

डॉइलला सांग, माझ्याशी हात मिळवताना कॅमेऱ्याकडे बघायचं नाही.

गस


पाइन लेक
२१ ऑगस्ट

लेलँड,

स्वल्पविराम चुकला तर तू दोन पानी पत्र लिहितोस. आता पाच आठवडे झाले आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. भट्टीत अडकलास का? आर्लीनने फोन केला तर तुझी बायको म्हणाली, तो बरा आहे, फक्त बोलत नाही. तू न बोलणं हे बरं असण्याचं लक्षण नव्हे.

सदरा सापडला. पोटावर येत नाही. आर्लीन बाजूने कापून पट्टी घालते आहे. म्हणजे मी येतोय, कळलं ना?

गस


ब्रॅडिश
२ सप्टेंबर

प्रिय गस,

कामं फार होती. थंडीच्या आधी सगळ्यांना भट्टी आठवते.

तुझ्या येण्याबद्दल मी पुन्हा विचार केला. एवढ्या लांबून यायचं, गाडी लावायला जागा नाही, आणि स्टेडियमवरचे सॉसेज कशाचे असतात ते मला माहीत आहे, सांगणार नाही. मध्यंतर वीस मिनिटांचं. त्यात वाद्यवृंद, देणगीदारांचे सत्कार आणि खेचर. तो सगळा तमाशा आहे. तुझ्या वयाच्या माणसाने त्यात का उभं राहावं? मिस प्रूइटला मी सांगतो की तुझे गुडघे दुखतात.

आर्लीनला पट्टी घालू नको म्हणावं.

लेलँड


पाइन लेक
९ सप्टेंबर

लेलँड,

आता कळलं.

जूनमध्ये ये, जुलैमध्ये ये, आणि मी हो म्हटल्यावर माझे गुडघे दुखतात. कोणी हसलं तुला? साखळीवाल्या तुझ्या मित्रांनी विचारलं असेल, तो सोडून देणारा तुझ्या बहिणीचाच नवरा ना? नारिंगी बंडी घालून काठी धरून तू तिथे उभा राहणार, आणि समोर मी. तुला लाज वाटते. तसं लिहायचं होतंस. तू एमिलचाच मुलगा, थाळी उचलून स्वयंपाकघरात चाललास.

तुझ्या बापापुढे मी पंचवीस वर्षं गप्प बसलो. तुझ्यापुढे बसणार नाही. पट्टी घालून झाली आहे. नऊ नोव्हेंबरला मी तिथे असेन, आणि माझी जागा मी स्वतः मोजून घेईन.

ऑगस्ट टर्नक्विस्ट


ब्रॅडिश
२३ सप्टेंबर

गस,

तुझं पत्र दोन आठवडे खिशात आहे. तू चूक वाचलंस, पण तशी संधी मी तुला दिली. आता जे आहे ते लिहितो. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

१६ जुलैला साखळी पेटीतून काढली. घरी आणली, रॉकेलमध्ये भिजवली, कडी कडी घासली. मग सवयीने मोजली. मोजायचं कोणी सांगितलं नव्हतं. दहा यार्ड म्हणजे तीनशे साठ इंच. माझ्या पोलादी फितीवर तीनशे एक्कावन्न आले. फीत बदलली. ताण बदलला. सकाळी गारव्यात आणि दुपारी उन्हात मोजली. तीनशे एक्कावन्न. नऊ इंच आखूड.

प्रत्येक कडी तीन इंचांची आहे. मधल्या भागात एका कडीवर जोड आहे. तिथे तीन कड्या काढून उरलेल्या जुळवल्यात. तो जोड कोणी दिला हे मला भिंगाशिवाय कळलं. वितळलेलं लोखंड शेवटी डावीकडे किंचित ओढून सोडायचं, शेपटीसारखं. आमच्या घराच्या फाटकावर, आर्लीनच्या जुन्या सायकलवर आणि माझ्या दुकानातल्या निम्म्या सामानावर ती शेपटी आहे. बाबांची.

मग आठवलं. आमच्याकडे ही गोष्ट हसत सांगायचे: १९७४ च्या सप्टेंबरात, एका सामन्याच्या आदल्या दिवशी, संघाचं पाळलेलं खेचर, नाव कर्नल, सराव चालू असताना साखळीवर चालून गेलं आणि तिचे तुकडे झाले. स्टेडियमचं लोखंडाचं जोडकाम बाबांकडे असायचं. नवीन कड्या आणायला वेळ नव्हता, वाकलेल्या तीन काढून टाकल्या आणि तात्पुरतं जोडलं. ते तात्पुरतं दोन वर्षं चाललं.

तू विचारशील, दोन वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. आलं. जुन्या साखळीवाल्यांतला एक अजून आहे, वृद्धाश्रमात, डोकं शाबूत. त्याला जाऊन विचारलं. म्हणाला, 'अरे हो, साखळी आणि रेषा कधी जुळायच्याच नाहीत. आम्ही म्हणायचो, विल्मरने पिऊन चुना ओतलाय.' विल्मर म्हणजे मैदानावर रेषा मारणारा. काठी रेषेपाशी पोचली नाही की हे शहाणे ती गुपचूप रेषेवर सरकवायचे आणि विल्मरला शिव्या द्यायचे. गस, साखळीवर संशय घ्यायचं एकाच्याही मनात आलं नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाने रेषा चुकीची आणि साखळी बरोबर असं मानलं नसतं. आम्हीच मानलं, कारण साखळी आम्ही धरतो. आणि ९ नोव्हेंबरला रेषा चिखलात गेल्या होत्या. सरकवायला काही उरलं नव्हतं. त्या दिवशी साखळी होती तशी मोजली गेली.

हिशोब तुला करता येतो, तरी लिहितो. चेंडू काठीच्या तीन इंच पुढे होता. काठी नऊ इंच अलीकडे होती. डॉइल सहा इंच कमी पडला. चेंडू टॉलिव्हरला मिळायला हवा होता. घड्याळात अडतीस सेकंद उरले होते. सामना तुमचा होता.

आणि बाबा. १९७६ मध्ये नवी साखळी आली, तीही काठ्यांना अडकवायला त्यांनाच बोलावलं होतं. जुनी शेजारी. एमिल हुबर दोन साखळ्या शेजारी बघून मोजणार नाही हे शक्य नाही. दोन वर्षांनी तू आर्लीनचा हात मागायला आमच्या दारात आलास. तो माणूस थाळी घेऊन का जायचा, हे मला आता कळतं. तुला त्याने तुच्छ मानलं नाही. त्याला तुझ्यासमोर गिळता येत नव्हतं. पण बोललाही नाही, आणि २००३ मध्ये तसाच गेला. ह्यासाठी मी त्याला माफ करत नाही. तू काय करायचं ते तू ठरव.

जुलैपासून मी गप्प होतो ते ह्यासाठी. तुला येऊ नकोस म्हटलं, कारण ती साखळी हातात धरून तुझ्यासमोर उभं राहणं मला जमलं नसतं. हे सगळं मी प्रकरणात लिहिलं आहे, बाबांच्या नावासकट, आणि मिस प्रूइटकडे दिलं आहे.

लेलँड


पाइन लेक
४ ऑक्टोबर

लेलँड,

दहा दिवस मी तळ्यावर गेलो आणि मासे पकडले नाहीत.

आधी एमिल. मी त्या माणसाला पंचवीस वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता परत घ्यायच्या तर कुठे पाठवू? आर्लीनला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, दोघे एका घरात बसून एकमेकांना घाबरत होता, आणि मी मधे बटाटे वाढत होते.

आता दुसरं. हे फक्त तुला. आर्लीनलाही नाही.

चिखल नव्हता. म्हणजे चिखल होता, पण माझे हात घसरले नाहीत. मी डॉइलला नीट धरलं होतं, दोन्ही मनगटं एकमेकांत अडकलेली. तो पाय ओढून काढत होता आणि त्याचा गुडघा माझ्या तोंडाकडे येताना दिसला. मी तोंड फिरवलं आणि हात उघडले. नियती बियती नाही. मी उघडले. धरून ठेवला असता तर तो दोन यार्ड मागे पडला असता आणि साखळी मागवायची वेळच आली नसती.

पन्नास वर्षं मी एकच गोष्ट घोळवतोय: मी भ्यालो आणि माझ्यामुळे बाकीचे हरले. आणि आता तू फीत घेऊन येतोस आणि सांगतोस की मी सोडूनही तो पोचला नव्हता. तुला कळतंय का? मी भ्यालो तरी आम्ही जिंकलो होतो. ह्याचं काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

ब्रॅडिशला येणार नाही. तुझ्यामुळे नाही. खोटंखोटं सोडायला मी तिथे उभा राहणार नाही, एकदा खरं सोडलंय.

एक काम कर. तुमच्या पुस्तकाचं मला काही नाही, त्याचं वजन दारं उघडी ठेवायला वापरा. त्या खेळीत माझ्याबरोबर दहा जण होते. सात जिवंत आहेत, पत्ते सोबत. त्यांच्यापैकी एकानेही मला कधी काही म्हटलं नाही, आणि एकानेही आपल्या मुलाच्या लग्नाला बोलावलं नाही. त्यांना साखळीचं लिही. आकडे, जोड, सगळं, तुझ्या त्या रुक्ष पद्धतीने. हातांचं लिहू नकोस. ते तुझ्यामाझ्यात.

गस


ब्रॅडिश
१२ नोव्हेंबर

प्रिय गस,

सातही पत्रं ८ ऑक्टोबरला टाकली. तुझ्या सांगण्याप्रमाणे हातांबद्दल काही लिहिलं नाही. मला ते पटलेलं नाही. एका टोकाने मोजलेलं माप म्हणजे माप नव्हे. पण हात तुझे, म्हणून गप्प बसलो.

आता विद्यापीठाचं ऐक. माझं प्रकरण परत आलं. जोड गेला, बाबा गेले, वृद्धाश्रम गेला, सिंह परत आला. मी कार्यालयात जाऊन विचारलं. मिस प्रूइटने फार प्रेमाने समजावलं की हा उत्सवाचा क्षण आहे, आणि लांबी हा एक दृष्टिकोन आहे. मी म्हटलं, बाई, लांबी हा दृष्टिकोन असेल तर तुमच्या घरचं दार बंद कसं होतं? तिने मला पाण्याची बाटली दिली. पेटीवर आता पितळी पाटी बसवली आहे: 'ऐतिहासिक साखळी. लांबी दहा यार्ड.' पेटीच्या आत, पाटीपासून दोन बोटांवर, बाबांची शेपटी दिसते.

तरी मध्यंतरात साखळी मीच नेणार हे कोणी बदललं नाही, कारण दुसऱ्या कोणाला ती कशी धरतात ते माहीत नव्हतं. मी नवीन नेली. तीनशे साठ इंच. जुनी पेटीतच राहिली, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तुझ्या जागी त्यांनी नाटक विभागातला एक विद्यार्थी उभा केला होता, तुझ्या क्रमांकाचा सदरा घालून. डॉइल निघाला. त्याला धाव म्हणता येणार नाही, दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा तो चालला. विद्यार्थ्याने त्याला धरलं, मग हात वर फेकून तोंडघशी पडला आणि दोनदा लोळला. बारा हजार लोक हसले. मोजून हसले असं वाटलं. बरं झालं तू नव्हतास, आणि बरं झालं मी होतो.

चेंडू त्यांनी चित्रफितीत पाहून अगदी जुन्या जागी ठेवला होता, हे एकच काम कोणीतरी काळजीने केलं. मागची काठीही बरोबर त्याच ठिकाणी. मी साखळी ताणली आणि पुढची काठी रोवली. चेंडूचं नाक काठीच्या सहा इंच अलीकडे. स्वच्छ ऊन, ताज्या रेषा, पाच कॅमेरे. जे पन्नास वर्षं चिखलात होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं होतं.

कोणी पाहिलं नाही, गस. पंच बनलेल्या देणगीदाराने हात पुढे करून निकाल ब्रॅडिशच्या बाजूने दिला. वाद्यवृंद सुरू झाला. खेचर लीद टाकून मोकळं झालं.

एकाने पाहिलं. डॉइलने. तो वाकून चेंडूकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला. ओठ न हलवता म्हणाला, 'हुबर, काठी घे मागे.'

मी म्हटलं, 'काठी जिथे आहे तिथेच आहे, मिस्टर मॅकनर्नी.'

मग त्याने माझ्या डोळ्यांत बघत बुटाच्या टोकाने चेंडू पुढे ढकलला. काठीच्या पुढे तीन इंच. अंदाज अचूक होता, हे मान्य करायला हवं. त्यानंतर सरळ उभा राहून कॅमेऱ्यांना हात केला.

साखळी गुंडाळली, बंडी घडी केली आणि दोन्ही मिस प्रूइटच्या टेबलावर ठेवली. सत्तावीस वर्षं झाली. मध्यंतरानंतरच्या खेळासाठी त्यांनी कोणाला उभं केलं ते पाहायला थांबलो नाही. ऐकलं की विद्यापीठ एकवीस-तीनने हरलं. ६०९ वा पराभव, यंदाचे धरून. कार्ड केलं आहे.

लेलँड


पाइन लेक
२६ नोव्हेंबर

लेलँड,

सहा उत्तरं आली. दोघांनी फोन केला, आर्लीनने माझ्या वतीने ऐकलं. दोघांनी नाताळला बोलावलं आहे. एकाने तुला शिव्या घातल्यात, कारण तू ब्रॅडिशचा. एकाच्या विधवेने लिहिलं की तो सप्टेंबरात गेला, हे त्याला ऑगस्टमध्ये कळलं असतं तर बरं झालं असतं. पाच दिवस मी घरात शीळ घालत फिरत होतो. आर्लीन म्हणाली, सत्तर वर्षांचा माणूस आणि सामना जिंकून आलाय.

काल सातवं आलं. लॅडी कोपेट्स्की, टोलेडोहून. एका पोस्टकार्डावर, तेही पूर्ण भरलेलं नाही. 'हुबरचा हिशोब दोनदा करून पाहिला. बरोबर आहे. पण गस, मी तुझ्या मागे चार पावलांवर होतो. चिखल मलाही लागला होता. तू का सोडलंस?'

पन्नास वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. हसले, करून दाखवलं, गप्प राहिले. विचारलं नाही.

कार्ड मी खिशात घातलं. आर्लीनने संध्याकाळी काढून घेतलं आणि वाचलं. मग माझ्यासमोर बसली. म्हणाली, 'चिखल होता ना?' मी म्हटलं, नाही. गुडघा कसा आला, तोंड कसं फिरवलं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती जवळ येईल. ती भडकली. सेहेचाळीस वर्षं ती चिखलासाठी भांडली, तुझ्या दोन चुलतभावांशी त्यावरून बोलणं तोडलं, एकाच्या अंत्यविधीलाही गेली नाही. आता मी कोणाकोणाला फोन करू, म्हणाली. मग उठली, एक कोरा कागद माझ्यापुढे आपटला आणि म्हणाली, त्या माणसाने पोस्टकार्डावर विचारलंय, तू पानभर फिरवाफिरवी करू नकोस.

दोन ओळी लिहिल्या. 'लॅडी, मी भ्यालो. त्याचा गुडघा तोंडावर येत होता, म्हणून मी हात उघडले.' खाली सही केली आणि आज सकाळी दोघांनी जाऊन टपालात टाकलं.

आता उत्तराची वाट बघतोय. लॅडी आमच्यात सगळ्यात खडूस होता आणि अजून आहे असं अक्षरावरून दिसतं. तो माझी समजूत काढणार नाही, एवढा मला त्याच्याबद्दल भरवसा आहे.

गस